धाकट्याचे पाय

त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं, की गोठ्याच्या दारात उभं राहिलं तर आतली गव्हाण दिसत नव्हती. मावशी शेवटच्या गाईची धार काढत होत्या. त्यांचा मोठा मुलगा दुधाचे कॅन मोटारसायकलला अडकवून अर्ध्या तासापूर्वीच डेअरीकडे गेला होता. ही गाय लाथाळ, तिला मावशींशिवाय कुणी चालत नसे, म्हणून ती नेहमी मागं राहायची.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. पुढच्या फाटकातून नाही, मागच्या चिखलाच्या वाटेनं. निळी गाडी धुक्यातून निघाली आणि सरळ चाऱ्याच्या शेडमध्ये घुसली. त्यांचा धाकटा उतरला. त्यानं कोपऱ्यातली ताडपत्री ओढली आणि गाडीवर टाकायला लागला. एका बाजूनं ओढली की दुसऱ्या बाजूनं उघडं पडायचं. असलं काम त्यानं कधी केलं नव्हतं.

मावशी बादली हातात घेऊन तिथं गेल्या.

"कुठून आलास?"

"शहरातून. पार्टी होती. तू जा आई, झोप."

"झोपायची वेळ आहे का ही? आणि गाडी इथं कशाला लावतोस? घरापुढं एवढी फरशी घातलीय ना तिच्यासाठी."

"उन्हानं रंग जातो."

मावशींनी वर पाहिलं. ऊन राहू द्या, आभाळसुद्धा दिसत नव्हतं. मग त्यांची नजर गाडीच्या डाव्या बाजूला गेली. दिवा फुटून तारांवर लोंबत होता आणि पत्रा आत दबला होता. धाकट्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. तो त्यांच्याकडे न बघता फोन कानाला लावून घरात निघून गेला.

ऊन वर आल्यावर मोठा परतला. तोही दुधाच्या टेम्पोतून. मोटारसायकल बरोबर नव्हती. सदऱ्याच्या पुढच्या भागावर रक्त वाळून काळं पडलं होतं. तो हौदापाशी गेला आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागला.

"पंपवाल्याला उडवलं कुणीतरी," तो म्हणाला. "ओढ्यावरच्या मोरीपाशी. सायकलवरून वरच्या मळ्यात पंप दुरुस्त करायला चालला होता. डेअरीतून परत येताना मला दिसला. पाऊण तास तरी पडून असेल. टेम्पो थांबवून दवाखान्यात घातला."

"कसा आहे?"

"शुद्ध नाही. उजवा पाय गुडघ्याखाली राहत नाही म्हणतात."

"कुणी उडवलं?"

मोठ्यानं खिशातून प्लास्टिकचा एक निळा तुकडा काढला आणि हौदाच्या काठावर ठेवला. मग चाऱ्याच्या शेडकडे गेला, ताडपत्रीचं टोक उचललं, पाहिलं आणि सोडून दिलं. परत येऊन पुन्हा हात धुवायला लागला. आता हातांना काही लागलेलं नव्हतं.

गावात निळी गाडी एकच होती. तशी गाडी गावात येईल असं तीन वर्षांपूर्वी कुणी म्हणालं असतं तर लोक हसले असते.

धाकटा जन्मला तो पायाकडून, म्हणून गावानं त्याला पायाळू म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. बाप फुटबॉलचा वेडा. पीक निघालं की मोकळ्या रानात पोरं जमवून खेळायचा, चिखलानं भरून घरी यायचा आणि मावशींच्या शिव्या खायचा. धाकटा चार वर्षांचा असताना बापानं त्याला चेंडू मारताना पाहिलं आणि त्या दिवसापासून एकच घोकत बसला: या पोराचे पाय जपायचे. पोर सहा वर्षांचं असताना बाप तापानं गेला. जाताना पैसाअडका काही ठेवला नाही, तेवढं वाक्य मात्र ठेवून गेला.

मावशींनी ते पदराला गाठ मारून ठेवलं. मोठा तेव्हा तेरा वर्षांचा. त्याची शाळा सुटली, ती कुणी सोडवली असं नाही, रोज सकाळी गोठ्यातून निघायला उशीर होत गेला आणि एक दिवस तो गेलाच नाही. दूध विकून जे उरायचं ते धाकट्याच्या बुटांना, बसभाड्याला, खेळाच्या शाळेला जायचं. साय धाकट्याला, अंडं धाकट्याला, खाटेवर धाकटा. मोठा जमिनीवर निजायचा आणि काळा चहा प्यायचा. तक्रार नाही, काही नाही. मावशींना वाटायचं, हे पोर समंजस निघालं, आपलं नशीब.

एकदा धाकट्यानं चेंडू मारून मास्तरांच्या घराची काच फोडली. मास्तर छडी घेऊन तरातरा आले. मोठा पुढं झाला, म्हणाला, मी फोडली. मास्तरांनी त्याला बडव बडव बडवलं. धाकटा आईच्या मागं उभा राहून बघत होता. मावशींना सगळं माहीत होतं. चेंडू कुणाच्या पायातून सुटला ते त्यांनी गोठ्यातून डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहूनही त्या धार काढत राहिल्या. पाठीचं काय, दोन दिवसांत बरी होते, पण घाबरून पोरगं खेळायचं थांबलं तर, असा हिशेब तेव्हा त्यांच्या मनानं केला होता.

एकोणिसाव्या वर्षी धाकट्याला मोठ्या क्लबनं उचललं. पुढचं सगळं पूर आल्यासारखं झालं. जुन्या घराच्या जागी पांढरं घर उभं राहिलं, त्याला एवढाली काचेची दारं. कोंबड्यांना त्यात दुसऱ्या कोंबड्या दिसायच्या आणि त्या दिवसभर काचेवर चोची आपटायच्या. खाटेएवढा टीव्ही आला. न्हाणीघरात पांढराशुभ्र टब आला, त्यात मावशी गाईंची पेंड भिजत घालायच्या. धाकटा म्हणाला, गाई विकून टाक आता. मावशी म्हणाल्या, मग मी दिवसभर करू काय, कोंबड्यांसारखी काचेत बघत बसू? गाई राहिल्या. गाई राहिल्या म्हणून मोठाही राहिला.

शहरात धाकट्याचं सगळं एजंट बघायचा. कुठं राहायचं, काय खायचं, पेपरवाल्यांशी काय बोलायचं, कुठल्या घड्याळाची जाहिरात करायची. एकवीस वर्षांचं पोर, पण बॅगसुद्धा दुसरा कुणी भरून द्यायचा.

तोच एजंट त्या दिवशी दुपारी गावात आला. गोरा, गोड बोलणारा माणूस. बूट पायपुसण्याला चारचारदा पुसून आत आला आणि मावशींना वाकून नमस्कार केला.

"आई, तुम्ही अजिबात घाबरू नका. अपघात आहे. धुकं होतं. असं होतं कधीकधी."

"दारू प्यायला होता तो," मावशी म्हणाल्या.

"म्हणूनच मी आलोय. त्याचं नाव आलं तर करार गेला. पुन्हा कुठलाही क्लब हात लावणार नाही. पंधरा वर्षांची मेहनत आहे आई. तुमची मेहनत." त्यानं मोठ्याकडे पाहिलं. "आता हे बघा, दादांना तिथं चार लोकांनी पाहिलंय. त्यांनीच जखमीला उचललं. ते म्हणाले, की भावाची गाडी घेऊन मी निघालो होतो, धुक्यात दिसला नाही, पण मी पळून गेलो नाही, तर कोर्टसुद्धा अशा माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघतं. दंड होईल. फार तर थोडे महिने. तेही बहुतेक होणार नाहीत. पंपवाल्याचा सगळा खर्च आपण करू, घरी बसून पगार देऊ."

धाकटा सोफ्याच्या टोकाला बसून नखं कुरतडत होता.

"मी थांबलो होतो आई," तो म्हणाला. "खरंच थांबलो होतो. खाली उतरलो. त्याच्याकडे बघितलं. मग ह्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, आधी तिथून निघ."

"आणि तू निघालास."

"ते म्हणाले ना."

मावशींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, की कुणी सांगितलं म्हणजे झालं. हे त्याला कुणी शिकवलं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही.

एजंट मोठ्याकडे वळला. "दादा, काय म्हणता?"

मोठा काचेच्या दारातून बाहेर बघत होता. मग म्हणाला, "हो म्हणतो. पण तुमच्याशी बोलायचंय. बाहेर."

दोघं गोठ्यामागं गेले. मावशींना काचेतून त्यांचे नुसते हात हलताना दिसले. बिचारा ठाण्यात काय सांगायचं ते विचारून घेत असेल, असं त्यांना वाटलं.  पुन्हा तेच. पुन्हा हाच पुढं झाला. संध्याकाळी मोठा एजंटच्या गाडीतून ठाण्यात गेला. त्याला तिथं ठेवून घेतलं. धाकट्याला एजंटनं बजावलं, घराबाहेर पडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी दवाखान्यात गेल्या. सोबत दूध नेलं होतं, दुसरं काय न्यावं ते सुचलं नाही. पंपवाला हिरव्या चादरीखाली पडला होता. चादर डाव्या बाजूला पायाच्या टोकापर्यंत उंच होती, उजव्या बाजूला मध्येच सपाट झाली होती. गावातला एकही पंप असा नव्हता की ज्याच्यासाठी हा माणूस विहिरीत उतरला नव्हता. मावशींच्या मळ्यातल्या पंपासाठी तर कितीदा. पैसे दे म्हणायचा नाही, अर्धा लिटर दूध द्या म्हणायचा.

त्याची बायको बाकावर बसली होती. तिनं दुधाचं भांडं घेतलं नाही.

"काल मी तुमच्या मोठ्याचे पाय धरले," ती म्हणाली. "म्हणलं, तुझ्यामुळं माझा नवरा जिवंत आहे. आणि आज पोलीस येऊन सांगतात, त्यानंच उडवला. मावशी, मला कळत नाही. उडवणारा माणूस पाऊण तासानं परत येऊन मांडीवर डोकं घेऊन बसतो का? ह्यांना अर्धवट शुद्ध आली होती तेव्हा. हे म्हणतात, तो रडत होता. मग मी कुणाला शिव्या देऊ? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी खरं मानते."

मावशी दाराशी उभ्या होत्या. एवढंच म्हणायचं होतं, बाई, मला काय माहीत, मी गोठ्यात होते. आयुष्यभर तेच म्हणत आल्या होत्या. तोंड उघडलंही.

"धाकट्यानं उडवला," त्या म्हणाल्या. "प्यायला होता. मी गाडी बघितली."

 बायकोनं हात पुढं करून दुधाचं भांडं घेतलं आणि बाकाखाली ठेवलं.

तिथून मावशी सरळ ठाण्यात गेल्या. फौजदार चहा पीत होता. धाकट्याबरोबर काढलेला त्याचा फोटो मागं भिंतीवर लावलेला होता.

"मावशी, कागद झालाय," तो म्हणाला. "मोठ्यानं स्वतः सही केलीय. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

"मग दुसरा कागद करा."

"पोराचं वाटोळं होईल."

"कोणत्या पोराचं?"

फौजदारानं कप खाली ठेवला.

"गाडी मोरीवर होती तेव्हा मोठा डेअरीत रांगेत उभा होता," मावशी म्हणाल्या. "मापाड्याला विचारा, रांगेतल्या बाकीच्यांना विचारा. आणि तुम्ही नाही लिहिलंत, तर तालुक्याच्या साहेबाकडे जाईन. बस आहे दीडची."

त्यानं लिहिलं. वाचून दाखवलं. मावशींनी प्रत्येक अक्षर कोरल्यासारखी सही केली. सही ओळीच्या बाहेर गेली नाही.

संध्याकाळी मोठ्याला सोडलं आणि धाकट्याला नेलं. धाकटा जीपमध्ये बसताना आईकडे असा बघत होता, जसं कुणीतरी त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून नेलं. मावशी तेवढं सहन करायची तयारी करून आल्या होत्या. मोठा काय म्हणेल, त्याची तयारी त्यांनी केली नव्हती.

मोठा घरी आला, जेवला नाही. ओट्यावर बसला.

"तुला कुणी सांगितलं होतं?" तो म्हणाला.

"अरे, तुझ्यासाठी गेले. किती दिवस तू त्याचं ओझं वाहणार?"

"फुकट वाहत होतो तोवर तुला ओझं दिसलं नाही. आता पहिल्यांदा त्याचे पैसे मिळणार होते, तर बरं दिसलं."

मावशींना काही कळेना.

"दोन टेम्पो ठरले होते," मोठा म्हणाला. "नवे. माझ्या नावावर. आणि शहरात गाळा. एजंटकडून लिहून घेतलं होतं, गोठ्यामागं उभा राहून. सहा महिने आत काढले असते आणि बाहेर आलो असतो तो माझा मी मालक होऊन. पंधरा वर्षं शेण काढतोय आई. कुणाच्या मायेपोटी काढतोय असं वाटलं तुला? दुसरं काही येत नाही म्हणून काढतोय. शिकवलं कुठं काही?"

"खोटं होतं ते," मावशी कसंबसं म्हणाल्या.

"मास्तरांची काचही खोटीच होती. तेव्हा नाही गेलीस सांगायला."

 मावशींनी ते पाहिलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मोठा कपड्यांची एक पिशवी घेऊन निघाला. धारा काढून, कॅन डेअरीला घालून, मोटारसायकल परत जागेवर लावून मग गेला. कुठं चाललास, असं मावशींनी विचारलं तर म्हणाला, बघतो. फाटक लावून घेतलं आणि गेला.

धाकटा आठवड्यानं जामिनावर सुटला. क्लबनं करार मोडला होता. एजंटचा फोन लागेना, आणि एकदा लागला तर दुसऱ्याच कुणीतरी उचलून साहेब कामात आहेत म्हणून सांगितलं. घड्याळवाल्यांनी जाहिरात काढून टाकली. पूर्वी फाटकापाशी फोटोसाठी गर्दी असायची. आता तिथून जाणारी माणसं मान वळवून दुसऱ्या बाजूच्या रानाकडे बघत चालायची, जणू त्या रानात काही नवीन पेरलंय. गाडी विकली, ते पैसे पंपवाल्याच्या दवाखान्यात आणि पुढं त्याच्या कृत्रिम पायात गेले.

मावशींनी धाकट्याला एकदा बरोबर घेऊन पंपवाल्याकडे नेलं. तो खाटेवर बसून मांडीवर मोटर उघडून तिची तार गुंडाळत होता. धाकटा खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं."

पंपवाला बराच वेळ तारच गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "तुझा पाय गेला असता तर पेपरात आलं असतं. माझा गेला तर विहिरीवाल्यांना कळलं." आणि थोड्या वेळानं, "जा आता. मला कामं आहेत." एवढंच. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि मावशींनीही त्याची वाट पाहिली नाही.

घरी धाकटा पडून असायचा. टीव्ही लावायचा, त्यावर त्याचाच क्लब खेळत असायचा, मग बंद करायचा. आईशी बोलायचा नाही. मावशींनी पंधरा दिवस सात गाईंचं काम एकटीनं ओढलं. सोळाव्या दिवशी कॅन उचलताना कमरेत अशी कळ आली, की त्या गव्हाणीला धरून खालीच बसल्या. तशाच बसून त्यांनी हाक मारली. दोनदा, तीनदा. शेवटी धाकटा डोळे चोळत आला.

"काय झालं?"

"कॅन उचल."

"डॉक्टरला बोलावू का?"

"आधी कॅन उचल. डेअरी बंद होते."

त्यानं कॅन उचलला. एवढा पैलवानासारखा गडी, पण कॅन कसा धरावा ते कळेना. निम्मं दूध सांडलं. डेअरीतून परत आला तो कानापर्यंत लाल होऊन. रांगेत कुणीतरी बोललं असावं. काय, ते त्यानं सांगितलं नाही, मावशींनी विचारलं नाही.

"उद्या किती वाजता?" त्यानं विचारलं.

"चारला."

"दादा रोज चारला उठायचा?"

"तू सुट्टीला आलास की साडेतीनला. तुझ्या खोलीशेजारून कॅन वाजवत नेऊ नये म्हणून आधीच बाहेर नेऊन ठेवायचा."

 दुसऱ्या दिवशी धाकटा चारला उठला नाही, सव्वाचारला उठला. तोंड वाकडं करून, नाकाला रुमाल बांधून. हे काही शहाणपण आलं म्हणून नव्हतं. खटला उभा होता, जायला जागा नव्हती, आणि गाई हंबरायला लागल्या की त्या पांढऱ्या घरात कुणालाही झोप लागत नसे.

दोन महिने मोठ्याचा पत्ता नव्हता. मावशी रोज दुपारी फोन पुढ्यात घेऊन बसायच्या आणि स्वतःहून लावायच्या नाहीत. काय तोंडानं लावायचा? आणि एका दुपारी तो वाजला.

"मी आहे," मोठा म्हणाला. मागं कसलीतरी मोठी यंत्रं घरघरत होती.

"बरा आहेस ना रे?"

"बरा आहे. एका गॅरेजात आहे. टेम्पोच दुरुस्त करतो, दुसऱ्यांचे. शिकवतात इथं. पगार थोडा आहे, पण आठला सुरू आणि सहाला बंद. सहानंतर काय करायचं, तेच आधी कळायचं नाही."

"जेवतोस का वेळेवर?"

"जेवतो. लाथाळ गाय व्याली का?"

"व्याली. कालवड झाली."

 मावशींना खूप बोलायचं होतं. मास्तरांच्या काचेचं बोलायचं होतं. तोंडात आणलंही, पण फोनवर कसं बोलणार ते?

"मी तेव्हा बघितलं होतं रे," एवढंच त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," मोठा म्हणाला.  मग त्यानं विचारलं, "तो काय करतोय?"

मावशींनी काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. धाकटा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गोठ्यात उभा होता. देशभर गाजलेले त्याचे पाय घोट्यापर्यंत बरबटले होते.

"शेण काढतोय."

 मावशींना वाटलं, फोन कट झाला.

"नीट काढतोय का?" मोठ्यानं विचारलं.

मावशी बघत राहिल्या. धाकट्यानं फावडं भरलं, वळला आणि अर्धं शेण स्वतःच्याच पायावर सांडलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

मोठा हसला. पोट धरून, दम लागेपर्यंत, लहानपणी हसायचा तसा. मावशींनी फोन कानावर घट्ट दाबला आणि त्याचं हसू संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.